डाळ, दंडुका आणि दोन दिवसांची मजुरी

तारखांचे एक साधे गणित मांडून सुरुवात करते. २१ जून २०२१ पासून केंद्र सरकारच्या नव्या धोरणानुसार अठरा वर्षांवरील सगळ्यांना सरकारी केंद्रांवर कोविडची लस मोफत मिळू लागली. समजा, बदलापुरात राहणारा आणि मशीद बंदरच्या एका गोदामात काम करणारा पंचवीस वर्षांचा तरुण त्याच दिवशी पहाटे उठून रांगेत उभा राहिला आणि त्याने कोविशिल्डचा पहिला डोस घेतला. दोन डोसांमध्ये तेव्हा किमान ८४ दिवसांचे अंतर ठेवावे लागे. म्हणजे दुसरा डोस लवकरात लवकर १३ सप्टेंबरला. त्यावर आणखी चौदा दिवस थांबायचे, म्हणजे २७ सप्टेंबर उजाडणार. आणि दोन डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांना लोकलमध्ये बसू देण्याचा राज्य सरकारचा निर्णय लागू झाला १५ ऑगस्टला.

या तरुणाने कुठेच चालढकल केलेली नव्हती. मोफत लस मिळू लागली त्याच दिवशी त्याने दंड पुढे केला होता. तरी पुढचे त्रेचाळीस दिवस नियमाच्या लेखी तो लस न घेतलेल्यांतच जमा. त्याच्याच वयाचा कुणी मेच्या पहिल्या आठवड्यात खासगी रुग्णालयात पैसे भरून पहिला डोस मिळवू शकला असेल, तर त्याला मात्र १५ ऑगस्टला रेल्वेचा मासिक पास काढता आला. बदलापूरहून मशीदला रस्त्याने रोज जाऊन यायचे म्हणजे काय, हे मध्य रेल्वेच्या त्या टोकाला राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. दिवसाचे कित्येक तास रस्त्यावर जातात आणि पगाराचा मोठा तुकडा भाड्यात. नियम लस टाळणाऱ्यांसाठी केला होता. त्याचा भार मात्र लशीसाठी ज्याला सगळ्यात शेवटी बोलावले त्याच्यावर पडला.

सरकारची बाजू ऐकली पाहिजे. एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट चढली तेव्हापासून लोकल फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांपुरती होती. त्यामुळे ऑगस्टचा आदेश हा निर्बंध नसून सवलत आहे, कुणाचे काही काढून घेतलेले नाही, उलट काही जणांना काही परत दिले आहे, असे सांगितले गेले. शब्दांनुसार ते खरेही आहे. लस घेतलेल्याच्या बाजूने पाहिले तर ते बक्षीस होते, न घेतलेल्याच्या बाजूने पाहिले तर ती बंदी. ‘लसीकरणासाठी प्रलोभन द्यावे की निर्बंध घालावेत’ हा प्रश्न विचारला जातो तेव्हा ही दोन वेगवेगळी हत्यारे आहेत असे आपण धरून चालतो. पुष्कळदा ते एकच हत्यार असते, फक्त मूठ कोणाच्या हातात आणि पाते कोणाकडे एवढाच फरक. मग फरक ओळखायचा कशावरून? माझ्यापुरती कसोटी अशी आहे : जे मुळात माणसाचेच होते ते त्याला परत देणे हे बक्षीस नव्हे. रेल्वेचा प्रवास, रेशन, केलेल्या कामाचा पगार, दवाखान्यातले उपचार या गोष्टी सरकारच्या खिशातून दिलेल्या भेटवस्तू नाहीत. त्या अडवल्या तर त्याला अडवणूकच म्हणायचे. मग ती अडवणूक योग्य होती की नाही याचा हिशेब सरकारने द्यायचा.

आणि काही वेळा ती योग्य असते, असे मी मानते. ‘शरीर माझे, मर्जी माझी’ एवढे म्हणून साथीच्या रोगात कुणाची सुटका होत नाही. एप्रिल-मे २०२१ मध्ये ज्यांनी रेमडेसिविरच्या चिठ्ठ्या घेऊन दुकानामागून दुकाने पालथी घातली, ऑक्सिजनच्या एका सिलिंडरसाठी रात्री जागवल्या, त्यांना हे कुणी शिकवायला नको. माझा श्वास तुमच्या फुप्फुसात जातो तेव्हा माझा निर्णय माझ्यापुरता राहत नाही. म्हणून निर्बंध घालण्याचा अधिकार समाजाला आहे. पण हा अधिकार आपोआप मिळत नाही, तो कमवावा लागतो, आणि तो कमावण्याला एक क्रम असतो. आधी लस माणसाच्या दारापर्यंत न्यायची. मग ती घेताना त्याला जी झळ बसते ती आपण सोसायची. घेतल्यावर काही बरेवाईट झाले तर मागे उभे राहायचे. एवढे सगळे केल्यावर, तेही ठरावीक जागी आणि ठरावीक मुदतीपुरते, दार अडवायचे. २०२१ मध्ये आपल्याकडे ठिकठिकाणी हा क्रम उलटा झाला.

कायद्याने करावे की समजावून, हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. १८९१ साली संमतिवयाच्या विधेयकावरून इथला सुशिक्षित समाज दुभंगला होता. मुलीचे संमतिवय दहावरून बारावर न्यायचे, एवढीच ती दुरुस्ती. समाजाला आधी शहाणे करा, परक्या सरकारने आमच्या घरात कायद्याने शिरू नये, अशी टिळकांची भूमिका. आगरकर, रानडे, भांडारकर कायद्याच्या बाजूने उभे राहिले. आज त्या वादाकडे वळून पाहताना आगरकरांची बाजू पटते, आणि ती पटण्याचे कारण लशीच्या वादातही लागू पडते. ज्यांचे हाल होत होते त्या मुली वडीलधाऱ्यांना शहाणपण सुचेपर्यंत थांबू शकत नव्हत्या. इजा तिसऱ्याच माणसाला होत असते तेव्हा लोकशिक्षणाची वाट पाहत बसणे ही चैन असते.

पण पाच-सहा वर्षांतच प्लेग आला आणि टिळकांच्या आक्षेपातला खरा भागही उघडा पडला. हुकूम कोण देतो आणि तो कोणत्या पायांनी घरात येतो, हे हुकुमाच्या हेतूइतकेच महत्त्वाचे ठरले. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला, पुण्यात वॉल्टर रँडच्या हाताखाली गोरे सोजीर घराघरांत शिरले, बायकांच्या अंगाला हात लावून गाठी तपासल्या गेल्या, देवघरापर्यंत बूट गेले. २२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. या गोष्टी आपण शाळेपासून वाचतो, पण त्या स्वातंत्र्यलढ्याच्या धड्यात वाचतो, सार्वजनिक आरोग्याच्या धड्यात नाही. रोग्याला वेगळे ठेवणे, घरे स्वच्छ करणे हे त्या काळच्या समजुतीप्रमाणे वैद्यकीयदृष्ट्या गैर नव्हतेच. गैर होती ती पद्धत. तिच्यामुळे झाले असे की लोक आजारी माणसाला माळ्यावर लपवू लागले. जो उपाय रोग लपवायला शिकवतो तो रोगाला मदत करत असतो.

मुंबईतही गोडीगुलाबी होती असे नाही. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला होता. पण त्याच मुंबईत, ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या एका छोट्या प्रयोगशाळेत वाल्देमार हाफकिन प्लेगची लस तयार करत होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना दिली. तरी लोक बिचकतच होते. तेव्हा खोजा समाजाचे धर्मप्रमुख आगाखान, त्या वेळी जेमतेम एकोणीस वर्षांचे, यांनी सगळ्यांदेखत टोचून घेतले आणि ही बातमी आपल्या माणसांपर्यंत जाईल याची तजवीज केली. त्यानंतर हजारो खोजांनी लस घेतली. पुढे त्यांनी हाफकिन यांना प्रयोगशाळेसाठी माझगावातला आपला बंगलाही दिला. परळची हाफकिन संस्था मोठी झाली ती त्याच रोपातून.

इथे ना प्रलोभनाची डाळ दिली गेली ना निर्बंधाचा दंडुका उगारला गेला. पण फुकटात काही झाले असेही समजू नका. तिथे पिढ्यानपिढ्या साठवलेला विश्वास खर्ची पडला. तो कोणत्याही सरकारी तिजोरीत नसतो आणि आणीबाणीच्या वेळी आदेश काढून उभाही करता येत नाही. विश्वास आहे तिथे प्रलोभन लागत नाही. नाही तिथे प्रलोभनच संशय वाढवते, ‘एवढे देतायत म्हणजे काहीतरी काळेबेरे असणार’. लसीकरणाचा प्रश्न सोडवण्यासाठी निघालेल्या प्रत्येकाने आधी आपल्याकडे ही शिल्लक किती आहे ते मोजायला हवे.

ती उधळली तर काय होते, याचा सगळ्यात मोठा धडा लशीच्या इतिहासात नाही, नसबंदीच्या इतिहासात आहे. आणीबाणीच्या काळात, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. त्यात दोन्ही हत्यारे सोबत वापरली गेली. एका हाताने पैसे आणि दुसऱ्या हाताने पगार, बढती, परवाना यांची अडवणूक. आणि आपल्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच १९७६ साली संमत केले. देशात असे करणारे पहिले राज्य महाराष्ट्र होते, हे आपण सोयीने विसरतो. राष्ट्रपतींची मंजुरी न मिळाल्याने तो कायदा झाला नाही. पण त्या काळाची किंमत अजून फिटलेली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत नसबंदी केलेल्या स्त्रियांचे प्रमाण ३७.९ टक्के निघाले आणि पुरुषांचे ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, कमी धोक्याची. तरी तिचे नाव निघाले की घरातला पुरुष उठून बाहेर जातो आणि टेबलावर बायको चढते. याला आणीबाणी हे एकच कारण नाही, पण तिने बसवलेली दहशत हे त्यातले मोठे कारण आहे. तेव्हाच्या आकड्यांचा तक्ता बघून अधिकाऱ्यांनी एकमेकांची पाठ थोपटली असेल. बिल मात्र पुढच्या पिढ्यांतल्या बायकांच्या नावावर फाटले.

आता डाळीकडे येते, कारण प्रलोभनांबद्दल माझ्या मनात तेवढी अढी नाही. उदयपूर जिल्ह्यातल्या खेड्यांत अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सेवा मंदिर’ या संस्थेबरोबर एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. काही गावांत काहीच वेगळे केले नाही. तिथे सगळ्या लसी पूर्ण झालेल्या मुलांचे प्रमाण ६ टक्के होते. काही गावांत ठरल्या दिवशी, न चुकता लसीकरणाचे शिबिर भरवले. तिथे ते १८ टक्क्यांवर गेले. आणि काही गावांत शिबिराबरोबर प्रत्येक लशीमागे एक किलो डाळ आणि सगळ्या लसी पूर्ण झाल्या की ताटांचा संच दिला. तिथे प्रमाण झाले ३९ टक्के. शिवाय परिचारिका दिवसभर रिकामी बसून राहत नसल्यामुळे प्रत्येक मुलामागचा खर्च डाळ वाटूनही कमीच आला.

या प्रयोगाचा दाखला सगळे देतात, पण बहुतेक जण शेवटचा आकडा तेवढा सांगतात. मला मधला आकडा जास्त बोलका वाटतो. नुसते शिबिर वेळेवर भरले, परिचारिका आली, दार उघडे सापडले, एवढ्यानेच प्रमाण तिप्पट झाले. म्हणजे लोक विरोधात नव्हते. त्यांना चालत जाऊन बंद दार पाहायचा कंटाळा आला होता. आणि किलोभर डाळीने कुणी आपली श्रद्धा बदलत नाही. बुडालेल्या अर्ध्या दिवसाच्या मजुरीला थोडा टेकू मिळतो आणि ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणणारी आई ‘आजच जाऊन येते’ म्हणते. जो विरोधात आहे त्याला डाळ पटवू शकत नाही. जो अडला आहे त्याला ती वाट करून देते. या दोन माणसांना एकाच ‘लसविरोधी’ नावाच्या पिशवीत कोंबणे ही महामारीतली आपली मोठी चूक होती.

सोडत मात्र मला मान्य नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये चंद्रपूर महानगरपालिकेने लस घेणाऱ्यांसाठी बंपर सोडत जाहीर केली : फ्रिज, वॉशिंग मशीन, एलईडी टीव्ही. पाठोपाठ हिंगोलीतही तेच. हेतू चांगला होता, अधिकारी हातघाईला आले होते, हे सगळे कबूल. अमेरिकेतल्या ओहायो राज्याने तर दहा लाख डॉलरची बक्षिसे लावली होती. त्यामुळे लसीकरण वाढल्याचा ठोस पुरावा नंतरच्या अभ्यासात मिळाला नाही. पण समजा वाढले असते, तरी सोडतीत एकाला फ्रिज मिळतो आणि हजारोंच्या बुडालेल्या मजुरीचे काहीच होत नाही. अडचण सगळ्यांची आणि भरपाई एकाची, हा हिशेब सार्वजनिक आरोग्याचा नव्हे.

२०२१ च्या उन्हाळ्यात आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना मी विचारले होते, लस का घेत नाही म्हणून. मी मनात उत्तरे तयार ठेवली होती : अफवांना, भीतीला, मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओंना. त्यांनी पोळी लाटता लाटता सांगितले, “ताई, सुईला कोण घाबरतंय? नंतरच्या तापाला घाबरते. दोन दिवस झोपून राहिले तर चार घरचे पैसे कापणार. आणि परत यायचं म्हटलं तर एखाद्या घरी दुसरीच उभी असायची.” माझी तयार उत्तरे तिथेच गळून पडली. मी माझ्या घरापुरते सांगितले की दोन दिवस या नका, पैसे कापणार नाही. त्या म्हणाल्या, “तुमचं झालं. बाकीच्या तिघींना कोण सांगणार?” मग मी उठून त्या तिघींकडे गेले. दोघींनी लगेच हो म्हटले. तिसरीला पटवायला आठवडा लागला. त्यानंतरच्या शनिवारी मावशींनी लस घेतली.

मावशींना द्यायचे होते ते प्रलोभन नव्हते. सगळ्यांच्या भल्यासाठी त्या जी गोष्ट करणार होत्या तिचा खर्च एकट्या त्यांच्या पदरात पडत होता. तो आम्ही चौघींनी वाटून घेतला, इतकेच. नोकरदार माणसाला लस घेतल्यावर ताप आला तर तो रजा टाकतो. असंघटित क्षेत्रातल्या माणसाची रजा म्हणजे उपास. ‘लस मोफत आहे’ हे वाक्य महिन्याचा पगार घेणाऱ्यापुरतेच खरे होते. रोजंदारीवरच्या माणसाला ती दोन दिवसांच्या मजुरीएवढी महाग पडत होती. महामारीत सरकारला काही वाटायचेच असेल तर ते हे : लस घेणाऱ्या रोजंदारी मजुराच्या खात्यात दोन दिवसांची किमान मजुरी. त्यात नशिबाचा खेळ नाही आणि लाचेचा वासही नाही.

आणि आणखी एका ठिकाणी पैसे जायला हवे होते. १५ जून २०२१ पासून महाराष्ट्रातल्या सुमारे सत्तर हजार आशा स्वयंसेविका संपावर गेल्या. लोकांना लस मोफत देण्याचे नवे धोरण लागू झाले तो दिवस त्या संपातच येतो. जिला लोक नावाने ओळखतात, जिच्यासमोर बाई मनातली शंका मोकळेपणी बोलते, जी ‘माझ्या सासूलाही दिली, दोन दिवस अंग दुखले, मग बरी झाली’ असे सांगू शकते, ती मानधनासाठी रस्त्यावर बसली होती. आठवडाभराने पंधराशे रुपयांची वाढ मिळून संप मिटला. लस घेणाऱ्याला काय द्यावे याची चर्चा तावातावाने चालू असताना, लस घ्यायला लावण्याची ताकद जिच्या जिभेत होती तिला आपण किती देत होतो, हा प्रश्न कुणी फारसा विचारला नाही.

मग नोव्हेंबर उजाडला. लशीचा साठा आता पुरेसा होता आणि केंद्रे ओस पडू लागली होती. औरंगाबाद जिल्हा पहिल्या डोसात राज्याच्या बराच मागे होता. तिथे आदेश निघाला की किमान एक डोस घेतल्याचे प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय पेट्रोल, गॅस आणि रेशन देऊ नये. ठाणे महापालिकेने डोस न घेतलेल्या कर्मचाऱ्यांचा पगार रोखण्याचे ठरवले. या आदेशांनी केंद्रांवर गर्दी वाढली असेलच. माणूस धान्यासाठी काहीही करतो. पण रेशनच्या रांगेत कोण उभे असते याचा क्षणभर विचार करा. ज्याला लशीची भीती वाटते पण घरी पैसा आहे, त्याला हा आदेश स्पर्शही करत नाही. तो किराणा दुकानातून तांदूळ आणतो. आदेशाचा फास पडतो तो फक्त गरिबाच्या गळ्यात, आणि त्याच्या घरातल्या ज्या पोरांचा लशीशी काही संबंधच नाही त्यांच्या ताटावर. अन्नसुरक्षा कायद्याने जे धान्य हक्काचे केले ते एका जिल्हा आदेशाने अटीचे झाले. शिवाय रेशनचे दुकान म्हणजे काही बंदिस्त सिनेमागृह नव्हे. उघड्यावरच्या रांगेत पाच मिनिटे उभे राहणाऱ्यापासून जेवढा धोका, त्याच्याशी या शिक्षेचे काही प्रमाणच नव्हते.

हे लिहिताना मला त्या अधिकाऱ्यांची कोंडीही दिसते. तिसरी लाट येईल म्हणून सगळे सांगत होते, वरून आकडे विचारले जात होते, घरोघरी जायला माणसे अपुरी होती. रेशनचा आदेश एका सहीत निघतो. घरोघरी जाऊन बोलायला महिने लागतात. म्हणूनच तर आधीपासून नियम हवा की अन्न, औषधोपचार आणि केलेल्या कामाचा मोबदला या तीन गोष्टींना साथीच्या काळात कोणत्याही अधिकाऱ्याने हात लावायचा नाही. सहीचा मोह होईल असा दिवस येण्याआधीच ती रेघ आखलेली असली पाहिजे.

जबाबदारीची गोष्ट तर याहून टोचणारी आहे. १९०२ साली पंजाबातल्या मुलकोवाल गावात हाफकिनची लस टोचल्यावर एकोणीस माणसे धनुर्वाताने दगावली. दोष लशीत नव्हता, एक बाटली हाताळताना झालेल्या दूषणात होता, पण हाफकिन यांच्यावर ठपका आला आणि तो पुसला जायला पाच वर्षे गेली. लस देणारा आणि लस घेणारा, दोघांनाही अशा प्रसंगी वाऱ्यावर सोडायचे नसते. ब्रिटनने १९७९ सालीच लशीमुळे गंभीर इजा झालेल्यांना भरपाई देणारा कायदा केला. आपल्याकडे काय झाले? नोव्हेंबर २०२२ मध्ये लशीनंतर मृत्यू झालेल्या दोन मुलींच्या पालकांच्या याचिकेवर केंद्राने सर्वोच्च न्यायालयाला सांगितले की लस ऐच्छिक होती, त्यामुळे भरपाईची जबाबदारी सरकारवर येत नाही. न्यायालयात लस ऐच्छिक आणि फलाटावर प्रमाणपत्र सक्तीचे! केंद्र वेगळे, राज्य वेगळे, असा तांत्रिक खुलासा यावर करता येईल. पण फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला सरकार एकच दिसते. अशा गंभीर इजा अत्यंत विरळा असतात. म्हणूनच त्यांची भरपाई करणे सरकारला जड नव्हते. जो लाखोंच्या बचावासाठी पुढे आला आणि एकटाच बळी पडला, त्याच्या घरच्यांना ‘तुम्ही तुमच्या मर्जीने घेतली’ असे सांगणे मला अन्यायाचे वाटते. आणि पुढच्या साथीत दंड पुढे करताना लोकांना ते आठवेल.

निर्बंध चालतात, हे नाकारून मी या लेखात जिंकू पाहत नाही. १२ जुलै २०२१ च्या संध्याकाळी फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्रॉन यांनी उपाहारगृहे, रेल्वेचा लांबचा प्रवास वगैरेंसाठी आरोग्य पासची अट जाहीर केली. चोवीस तासांत नऊ लाखांहून अधिक लोकांनी लशीची वेळ ठरवली. मुद्दाम लक्षात घ्या, लस तिथे तेव्हा हवी तितकी उपलब्ध होती, आणि तो पास लशीशिवाय चाचणीवर किंवा आजारातून बरे झाल्याच्या दाखल्यावरही मिळत होता. कॉफी पिण्याची अडवणूक झाली, पावाची नाही. याउलट ऑस्ट्रियाने सगळ्या प्रौढांना सरसकट सक्ती करणारा कायदा फेब्रुवारी २०२२ मध्ये लागू केला, मार्चमध्ये स्थगित केला आणि उन्हाळ्यात गुंडाळून ठेवला. तोवर ओमायक्रॉन आला होता. लस मृत्यूपासून वाचवत होती, पण संसर्ग पसरणे ती आता पूर्वीइतके रोखत नव्हती, आणि ‘तुझ्यामुळे दुसऱ्याला धोका’ हा सक्तीचा पायाच खचला होता.

पाया खचला की भिंत उतरवायची असते. आपल्याकडे ती वेळेवर उतरवली गेली नाही. लोकलबाबतचे आदेश नियमाप्रमाणे काढलेलेच नव्हते, असा आक्षेप मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये घेतला. मग २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. नागेश्वर राव आणि न्या. गवई यांच्या खंडपीठाने निकाल दिला : कुणालाही बळजबरीने लस टोचता येणार नाही, समाजाच्या आरोग्यासाठी सरकार मर्यादित निर्बंध घालू शकते, पण ते धोक्याच्या प्रमाणात हवेत आणि त्या घडीला लस न घेतलेल्यांवर असलेले निर्बंध तसे नव्हते. मला हा निकाल समतोल वाटतो. फक्त तो यायला तिसरी लाट उलटावी लागली. प्रमाण तपासायला न्यायालय लागू नये. ज्या कागदावर निर्बंध लिहिला जातो त्याच कागदावर तो कोणत्या तारखेला आपोआप संपेल हेही लिहिलेले असावे. वाढवायचा असेल तर नवे कारण देऊन नवी सही करावी. प्रमाणपत्राचे महत्त्व लशीपेक्षा वाढले की बाजारात प्रमाणपत्रेच तयार होऊ लागतात. मुंबईत तर २०२१ च्या मे-जूनमध्ये बनावट शिबिरे भरवून दोन हजारांहून अधिक लोकांना फसवले गेले. लस मिळाली असे समजून ती माणसे निर्धास्तपणे गर्दीत वावरली.

कोविडचे निर्बंध उठून काही महिने होतात न होतात तोच, २०२२ च्या ऑक्टोबरात, मुंबईत गोवंडीच्या दाट वस्त्यांमध्ये गोवर पसरला आणि लहान मुले दगावू लागली. टाळेबंदीच्या काळात नेहमीचे बाललसीकरण विस्कळीत झाले होते, स्थलांतराने कुटुंबे यादीतून निसटली होती. गोवर आटोक्यात ठेवायला शंभरातल्या पंचाण्णव मुलांना लस लागते, इतका तो झपाट्याने पसरतो. पालिकेच्या आरोग्यसेविका पुन्हा त्याच बोळांतून फिरू लागल्या, मौलानांना भेटून आवाहन करण्याची विनंती केली गेली, दारोदार मुलांची नोंद झाली. बोळ अरुंद, खाली गटार, वर ताडपत्री. नोंदवही छातीशी धरून त्यांतली एक दार वाजवते आणि विचारते, घरात पाच वर्षांखालचे कुणी आहे का. आतली बाई मुलाला कडेवर घेऊन येते, पण दार अर्धेच उघडते. नवरा कामाला गेलेला, तिची स्वतःची जरीकामाची मजुरी नगावर. ती लशीला नाही म्हणत नाही. ती विचारते, रात्री ताप चढला तर कुणाला फोन करू, आणि उद्या मी कामाला कशी बसू?